दर गुरुवारची सही

"नाही म्हणजे नाही," ऑर्विन कीलर म्हणाला आणि त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली.

मार्नी होल्कम बसली. जाडजूड फाइल मांडीवर ठेवली, उघडली नाही. "मी अजून विचारलंच नाही."

"विचारणार होतात. वेळ वाचवला तुमचा."

गॅस कंपनीची ही बाई दोन वर्षं दर गुरुवारी येत होती. ऑर्विनच्या मेपलच्या रानातून पाइपलाइन न्यायची होती, त्यासाठी त्याची सही हवी होती. पहिल्या हिवाळ्यात त्याने तिला पायरीखाली बर्फात उभं ठेवलं. मग कधीतरी कॉफी दिली. आता मार्च होता, झाडांचा रस उतरत होता, आणि तो रस आटवून पाक करायच्या शेडमध्ये ती स्वतःच्या घरी असल्यासारखी भट्टीत लाकडं सारत होती.

ऑर्विनची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा ॲरिझोनात. नाताळला फोन करायचा, तोही घाईत. एरवी ऑर्विन झाडांशी बोलायचा.

पाइपलाइनला वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, परवाना दिला होता. असा परवाना हातात असला की कंपनी कोर्टात जाऊन कुणाचीही जमीन घेऊ शकते. पण लाइन ओढा ओलांडणार, आणि ओढ्याच्या पाण्यावर राज्याचा शब्द चालतो. राज्याने नकार दिला. मग दोन सरकारं भांडत बसली. दोन्हीकडच्या एकाही वकिलाने तो ओढा पाहिलेला नव्हता. आणि ओढ्याकाठी राहणाऱ्याला विचारायचं असतं, हे तर कुणाच्या गावीही नव्हतं.

राज्य जिंकावं म्हणून सगळा परिसर प्रार्थना करत होता. 'पाइपलाइन नको' ही सगळ्यांत मोठी पाटी ऑर्विनच्याच फाटकावर. पण मनातलं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. राज्य जिंकलं तर लाइन रद्द, बाई येणार नाही. वॉशिंग्टन जिंकलं तर जमीन कोर्टातूनच मिळणार, मग सही कुणाला हवी? तरीही बाई येणार नाही.

हे भांडण मिटू नये, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने खिडकीतून पाहिलं. कंपनीच्या पांढऱ्या पिकअपऐवजी आजही ती गंजलेली लाल गाडी उभी होती. "पिकअप अजून दुरुस्तीलाच? कंपनीचं दिवाळं निघालं की काय?"

"पार्ट मिळत नाही."

"आणि ते जॅकेट? पाठीवर कंपनीचं नाव मिरवायचात ते?"

"तुमच्या धुराचा वास जात नाही त्याचा." ती हसली.

"शेजारच्या लेलँडकडे म्हणे कंपनीचं कुणी फिरकत नाही आता. पानगळीपासून."

"लेलँड बंदूक दाखवतो."

"मी शिव्या देतो."

"शिव्या चालतात."

ऑर्विनने उकळत्या रसावरचा फेस काढला. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "सही केलेल्यांकडे जाता का नंतर?"

"जावंच लागतं. कुंपण तुटलं, विहीर गढूळ झाली, की सगळं एजंटच्या डोक्यावर. खोदकाम संपेपर्यंत. तीन वर्षं तरी."

"तीन वर्षं," तो म्हणाला.

मंगळवारी लेलँडचा फोन आला. "बुडालो रे ऑर्विन! वॉशिंग्टन म्हणतं, राज्याने उत्तर द्यायला वर्षाहून जास्त वेळ लावला, म्हणून त्याचा नकार धरायचाच नाही. पाणी नासणार का, हा प्रश्नच नाही! कॅलेंडर बघून निकाल दिला हरामखोरांनी!"

"हं."

"हं काय? तुझी झाडं कापणार आहेत ते!"

"परवा गुरुवार ना?"

लेलँडने फोन आपटला.

गुरुवारी सकाळी ऑर्विनने दाढी केली आणि तो रानात गेला. त्याच्या बायकोने लग्नानंतर रसाची पहिली बादली अडकवली ते झाड लाइनच्या बरोबर मध्ये येत होतं. खोडावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. "माफ कर," म्हणाला, आणि परतला.

बाई आली. लाल गाडीतून, घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन. निकालाबद्दल अवाक्षरही बोलली नाही. जिंकूनही नाक वर करत नाही, ऑर्विनच्या मनात आलं.

"आणा ती फाइल."

"कशाला?"

"सही करतो."

तिचा चेहरा पांढरा पडला. "असं करू नका, ऑर्विन. लढा. वकील बघा."

"अहो, तुमच्याच फायद्याचं बोलतोय!"

"माझा फायदा राहू दे. तुमची झाडं आहेत ती."

"झाडं कोर्ट घेणारच आहे. पण कोर्टाने घेतली तर तुम्हाला इथे काय काम? सही केली तर निदान तीन वर्षं..."

त्याने तिच्या मांडीवरची फाइल ओढली. तिने घट्ट धरली. मग सोडून दिली.

आत बियाण्यांचे जुने कॅटलॉग होते. दुसरं काही नाही.

भट्टीवरचा रस उतू आला. कुणी उठलं नाही.

"कागद ऑक्टोबरातच परत घेतले त्यांनी," मार्नी खाली बघत म्हणाली. "पिकअप, जॅकेट आणि नोकरीसकट."