एक स्क्रूड्रायव्हर कमी

हत्यारांच्या फळीवर हत्यारांच्या रंगवलेल्या सव्वीस आकृत्या होत्या आणि हत्यारं पंचवीस. स्क्रूड्रायव्हरची नुसतीच लाल आकृती उरली होती. हळद लागलेला इंजिनिअर श्रीरंग तिच्याकडे बघत उभा होता. हत्यार सापडल्याशिवाय तो विमानाला उड्डाणाची सही देणार नव्हता, आणि त्याच विमानात त्याचं वऱ्हाड पट्टे बांधून बसलं होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा.

"अरे, एवढासा तो स्क्रूड्रायव्हर," मामा विमानाच्या दारातून म्हणाले. "मी नवा घेऊन देतो."

"तो इंजिनात राहिला असला तर, मामा?"

मामांची खिडकी इंजिनाशेजारचीच होती. ते आत गेले.

इंजिन दोनदा उघडून झालं. मुहूर्त टळला. शेवटी त्याने भीतभीत नवरीला फोन लावला.

"गोरज मुहूर्तावर लावू लग्न," ती म्हणाली. "उशिरा ये, पण आख्खा ये. आणि हातातलं लोखंड सोडू नकोस, तुझी आत्या रागावेल."

लोखंड. हळदीपासून नवरदेवाजवळ असावी लागते ती लिंबू खोचलेली कट्यार सकाळी विमानतळाच्या गेटवर सुरक्षारक्षकांनी काढून घेतली होती. मग आत्याचं मन राखायला त्यानेच फळीवरून...

श्रीरंगने सावकाश ओव्हरऑलच्या खिशात हात घातला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला लिंबू होतं.

त्याने लिंबू काढलं, स्क्रूड्रायव्हर जागेवर टांगला, हत्यारं पुन्हा मोजली, उशिराचं खरं कारण स्वतःच्या नावानिशी लिहिलं आणि मगच सही केली.

"कुठं होता रे?" तो शेजारी येऊन बसल्यावर मामांनी विचारलं.

"इंजिनात नव्हता," श्रीरंग म्हणाला आणि पट्टा बांधला.