टरफलांवरचा पहारा

शेंगा फोडायच्या गिरणीतली टरफलं मी रोज माझ्या शेळ्यांना न्यायचो. शेळ्या गुबगुबीत झाल्या आणि गिरणीमालकाच्या पोटात दुखायला लागलं. "टरफलांतून दाणे जातायत," म्हणत त्याने पोती तपासायला स्वतःच्या मेव्हण्याला बसवलं. महिन्याभरात शेळ्या वाळल्या आणि मेव्हणा गुबगुबीत झाला.

"आता याच्यावर नजर कोण ठेवणार?" मालक रडकुंडीला आला. "बायकोचा भाऊ. एक शब्द बोलायची सोय नाही."

"माझी शेळी बसवा शेजारी," मी म्हटलं. "याने दाणा तोंडात टाकला की ती तोंड हुंगून ओरडेल."

"तिला वास कळेल?"

"सवय ठेवावी लागते, मालक. सकाळ-संध्याकाळ पाटीभर दाणे चारा, नाक तयार राहील. आणि एकटीला काही तिला करमायचं नाही, बाकीच्यांनाही घेऊन येतो."

मालकाला ते लगेच पटलं.

आता माझ्या शेळ्या गिरणीत बसून दाणे खातात. मेव्हण्याला भूक लागली की तो बिचारा टरफलं चघळतो. टरफलांना शेळ्यांची काही हरकत नसते.