शेतावरची विहीर

"हे नकाशे मुलीच्या खोलीत लावू नका," आम्ही कुवेत सोडताना माझ्या नवऱ्याच्या, सुशांतच्या वेल्श साहेबांनी ते भेट देत बजावलं होतं. मी हसले. त्यांच्या वेल्समधल्या शेताचे तीन काळांतले नकाशे. भूगोल शिकलेली मी, हौसेनं मुक्ताच्या पलंगाच्या वर लावले.

जुन्यात विहीर शेताच्या टोकाला होती, मधल्यात अंगणात, शेवटच्यात थेट घरात.

परवा मुक्ताची गोटी पलंगाखाली गेली. ती वाकून ऐकत राहिली. "मम्मा, अजून पडतेय."

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

"एम.ए. होऊन असली अडाणी? पोरीला घाबरवशील," म्हणत सुशांत तिला नाशिकला आईंकडे घेऊन गेला. तिला आवडतात म्हणून नकाशेही नेले.

तिथला फोन कुणी उचलत नाही.

तुम्ही नाशकात असाल तर मुक्ताला बघून या. खोलीत शिरताना पाय जपून टाका.