थोरलीचा मान

पुतण्याचं लग्न ठरलं आणि मैनाबाईंनी धंतोलीतल्या विलायतेहून परतलेल्या डॉक्टरकडून गालांत कोलॅजेनची इंजेक्शनं टोचून घेतली. सुरकुत्या गेल्या, चेहरा पुरीसारखा टम्म झाला.

नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्या धाकट्या जावेसोबत, जनाबाईसोबत, पारशिवनीला नवरीकडे गेल्या. ती लावायचा पहिला मान थोरल्या जावेचा. नवरीच्या आजीनं दोघींना नीट न्याहाळलं, जनाबाईला थोरली समजून हळद लावायला मानाच्या पाटावर बसवलं आणि मैनाबाईंना म्हणाली, "तू धाकटी ना वं? मंग तू ताट धरून उभी राय."

खरं वय मैनाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी जनाबाईचा दंड धरून त्या धंतोलीत हजर. "डॉक्टरसाहेब, आता हिले टोचा. माह्यापेक्षा दोन सुया जास्त!"