मुखवट्याचं गाऱ्हाणं

गावच्या रवळनाथाचा चांदीचा मुखवटा गोऱ्या कॅप्टनने लुटून नेला, त्याला शंभर वर्षं झाली होती. एकोणीसशे छप्पन साली त्या कॅप्टनचा पणतू तो स्वतःहून परत घेऊन मालवणच्या धक्क्यावर उतरला. गावाने त्याला शहाळं पाजलं, देवळात सगळ्यांच्या पुढे उभं केलं. "गावकर देवाला गाऱ्हाणं घालताना थांबले, की 'व्हय म्हाराजा' म्हणायचं," एवढं मास्तरांनी त्याच्याकडून घोकून घेतलं.

देवाला मुखवटा चढला. सोनू गावकराने डोळे मिटले आणि आज्यापासून चालत आलेलं गाऱ्हाणं नेहमीसारखं घातलं.

"बा देवा म्हाराजा, जेना तुझो मुखवटो नेल्यान, तेच्या वंशाचा वाटोळा कर रे म्हाराजा!"

दरवर्षी एका आवाजात ओरडणारा गाव गप्प झाला.

साहेब एकटाच हात जोडून खणखणीत म्हणाला, "व्हय म्हाराजा!"