बायकांच्या पंगतीत

माझी बायको सुरेखा वारल्याचा फोन जालन्याच्या दवाखान्यातून सकाळी आला. माती देऊन आलो. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, म्हणून संध्याकाळी सोयऱ्यांनी कडू घासाची पिठलं-भाकरी आणली. पुरुष जेवून उठले, मी तेवढा राहिलो होतो; मग बायका बसल्या. अकरावीतल्या लेकीने, तृप्तीने, ताट बाजूला सरकवलं. माझी थोरली बहीण तिच्या तोंडात घास कोंबू लागली. “नाटकं बंद कर. अभ्यासात ध्यान न्हाई, जेवण न्हाई. हिच्याच काळजीनं आई गेली.” मी म्हणालो, “आक्का, हात काढ. तिला आजार हाये. लक्ष टिकत न्हाई, कामाचा मेळ बसत न्हाई, जेवणही त्यातच बिघडलं. तिच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, खायची जबरदस्ती बिलकुल न्हाई. सुरेखा नुसती शेजारी बसून जेवायची.” “मंग आता कोण बसंल?” मी बायकांच्या पंगतीत तृप्तीशेजारी बसलो. “रामकिसन, बायकांत बसतो का?” आक्का म्हणाली. “बसतो. वाढ.” मी जेवलो, तृप्तीकडे बघितलं नाही. तिने भाकरीचा तुकडा मोडला. अजून तोंडात घातलेला नाही.