मातीत पुरलेल्या टोप्या

"पेटवायचं मागनं. आधी टोप्या उकरा," काडेपेटी घेऊन आलेल्या नवऱ्याला आक्काताईनं बांधावरच अडवलं.

कालच ऊस तुटून गेला होता आणि रानभर उसाच्या वाळल्या पानांचं पाचट पसरलं होतं. गेल्या साली तिनं भांडून विहिरीकडच्या अर्ध्या रानातलं पाचट सरीतच कुजवलं. उरलेलं नवऱ्यानं, भीमगोंडानं जाळलं. दिवाळीनंतर कृषी सहायिकेच्या सांगण्यावरून, माती पारखायला, दोघांनी आपापल्या बाजूला त्याची एकेक जुनी सुती टोपी पुरली होती.

भीमगोंडाच्या बाजूची टोपी अख्खी निघाली. त्यानं ती झटकून ऐटीत डोक्यावर चढवली. आक्काताईच्या बाजूला नुसती शिवण हाताला लागली.

"बघ, तुझ्या मातीनं टोपी खाल्ली!"

"खाल्लीच. जित्या मातीलाच भूक लागती. तुमची तुम्ही जाळून मारलीसा, ती काय खाणार?"

भीमगोंडानं वाकून आधी आपल्या, मग तिच्या बाजूची माती मुठीत घेतली. तिच्या मातीत गांडूळ वळवळत होतं.

त्यानं डोक्यावरची टोपी काढून आपल्याच खड्ड्यात परत ठेवली, माती लोटली आणि वर कवळाभर पाचट ओढलं.

"ही चुलीपाशी ठेव," काडेपेटी तिच्या हातात देत तो म्हणाला. "पुढल्या साली ती टोपी अख्खी निघाली, तर नावाचा भीमगोंडा न्हाई!"